पंचनामा झाला, पैसे नाही आले: अतिवृष्टीची मदत नेमकी कुठे अडकते?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी भावाचा प्रश्न असा: २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसात सात एकरांपैकी चार एकर सोयाबीन आणि दोन एकर पऱ्हाटी (कपाशी) गेली, नाल्याकाठचं एक एकर वावर खरडून गेलं. पंचनामा झाला, सही झाली. धुऱ्याला धुरा लागून असलेल्या शेजाऱ्याच्या खात्यात तीन वेळा पैसे आले, यांच्या खात्यात एकदाही नाही. तलाठी म्हणतात यादी वर गेली, बँक म्हणते काही आलं नाही, सेवा केंद्रवाला म्हणतो तुमचा व्ही. के. नंबरच (मदतीच्या यादीतला विशिष्ट क्रमांक) निघत नाही. सातबाऱ्यावर अजून वारलेल्या वडिलांचं आणि काकांचं नाव आहे. आता कुठे जावं?

भाऊ, सरळ तहसीलच्या नैसर्गिक आपत्ती शाखेत जा. बँकेत सध्या जाऊ नका, तिथे तुमचं काम नाही. व्ही. के. नंबर निघत नाही, म्हणजे तुमचं नाव अजून पोर्टलवर चढलेलंच नाही, आणि जे चढलं नाही ते बँकेपर्यंत पोहोचणार कसं? ते का चढलं नाही याचं उत्तर बहुतेक तुमच्याच शेवटच्या वाक्यात आहे: सातबारा वारलेल्या माणसाच्या नावावर आहे आणि खातं सामायिक आहे.

पैसा कोणत्या वाटेने येतो ते आधी बघू, म्हणजे कोणत्या टेबलावर काय विचारायचं ते कळेल. ग्राम महसूल अधिकारी (आपला तलाठी), सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) आणि ग्रामपंचायत अधिकारी मिळून पंचनामा करतात. गावागावांचे पंचनामे तहसीलला एकत्र होतात. तिथून जिल्हाधिकारी, मग विभागीय आयुक्त, म्हणजे आपल्याकडे अमरावती नाहीतर नागपूर, आणि शेवटी मंत्रालयातला मदत व पुनर्वसन विभाग. या टप्प्यात वर जातात ते आकडे: बाधित शेतकरी किती, क्षेत्र किती, निधी किती लागेल. त्यावर शासन निर्णय निघतो. नावनिहाय यादी, म्हणजे गट नंबर, क्षेत्र, आधार, रक्कम, ही तहसीलच्या लॉगिनमधून पोर्टलवर वेगळी भरली जाते. त्या यादीतल्या प्रत्येक नोंदीला एक विशिष्ट क्रमांक मिळतो, त्यालाच गावात व्ही. के. नंबर म्हणतात. मग ई-केवायसी आणि मग थेट खात्यात जमा.

म्हणून तलाठी ‘यादी वर गेली’ म्हणतात ते खोटं नसतं. आकडा गेलेला असतो. त्या आकड्यात तुमचं क्षेत्रही मोजलेलं असतं. पण नाव भरताना आधार नाही, फार्मर आयडी (शासनाच्या शेतकरी नोंदणीतला क्रमांक) नाही, खातेदार मयत, सहखातेदाराची संमती नाही, अशा कारणाने नोंद बाजूला ठेवली जाते आणि ती बाजूला ठेवल्याचं तुम्हाला कुणी कळवत नाही. सगळ्यात जास्त पैसे इथेच अडकतात. पंचनाम्यावर सही झाली की काम संपलं असं समजून माणूस घरी बसतो आणि त्याची नोंद तहसीलच्या संगणकावर प्रलंबित पडून राहते.

तहसीलला ‘माझे पैसे कधी येतील’ असं विचारू नका, त्याला ‘येतील’ एवढंच उत्तर मिळतं. असं विचारा: माझ्या गटाची नोंद पोर्टलवर भरली आहे का? भरली असेल तर व्ही. के. नंबर द्या. भरली नसेल तर कोणत्या कारणाने, ते माझ्या अर्जावर लिहून द्या. अर्ज दोन प्रतींत करा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. पोच नसलेला अर्ज पुढे कुठेच मोजला जात नाही.

आता तुमचं मूळ दुखणं. वडील वारल्यावर वारस नोंद झाली नाही तर शासनाच्या दप्तरात त्या जमिनीचा जिवंत मालक नाही. मदत द्यायची कुणाला? २०२५ च्या खरिपापासून मदतीसाठी अ‍ॅग्रिस्टॅकचा फार्मर आयडी मागितला जातो, आणि तो आयडी सातबाऱ्यावरच्या जिवंत खातेदाराच्या आधारवर निघतो. तुमचं नाव सातबाऱ्यावर नाही म्हणजे आयडी नाही, आयडी नाही म्हणजे यादीत नाव अडलं. एकाच गाठीची ही दोन टोकं आहेत, म्हणून आधी वारस नोंद.

त्यासाठी मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणापत्र, सर्वांचे आधार आणि राहण्याचा पुरावा घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्या. ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही करता येतो, त्याचा फायदा असा की अर्जाला क्रमांक पडतो आणि तो कुणाच्या टेबलावर थांबला ते दिसतं. स्थानिक चौकशी होते, फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. म्हणजे कुणी हरकत घेतली नाही तरी महिनाभर धरून चाला. या कामासाठी शासनाने १ एप्रिल २०२५ पासून ‘जिवंत सातबारा’ ही मोहीम राज्यभर घेतली, तिची सुरुवात आपल्याच विदर्भात, बुलडाणा जिल्ह्यात झाली होती. वारसांत आईचं नाव आणि लग्न झालेल्या बहिणींची नावं वगळू नका. पुढे त्यांच्यापैकी कुणाची हरकत आली की फेरफार तक्रारीत जातो आणि मग तारखांवर तारखा पडतात. शिवाय तो त्यांचा हक्कच आहे.

वारस नोंद होईपर्यंत हात बांधून बसायचं नाही. त्याच दिवशी तहसीलला दुसरा अर्ज द्या: खातेदार मयत, वारस नोंदीचा अर्ज अमुक तारखेला दिला, पंचनामा झालेला आहे, तरी नोंद रद्द न करता पुरवणी यादीसाठी प्रलंबित ठेवावी. सोबत वारस अर्जाची पोच, मृत्यूचा दाखला, पंचनाम्याची प्रत. बाकीच्या वारसांचं संमतिपत्र जोडा, ‘मदतीची रक्कम अमुक यांच्या खात्यात जमा करण्यास आमची हरकत नाही’ असं. काकांचंही लागेल, कारण खातं सामायिक आहे. काका तयार नसतील तर त्यांचा हिस्सा त्यांच्या नावाने आणि तुमचा तुमच्या नावाने अशी वेगळी नोंद मागा. क्षेत्र हिश्शाप्रमाणे वाटून देता येतं. फार्मर आयडी काढतानाही सातबाऱ्यावरचे सगळे गट त्यात चढले का ते बघा. दुसऱ्या गावातला एखादा गट हमखास सुटतो आणि त्या गटाची मदत मग अडते.

रक्कम किती बसते? त्याआधी एक समजून घ्या, म्हणजे मन कमी खट्टू होईल. शासन देते ती पिकाची किंमत नसते. शासन निर्णयात तिला निविष्ठा अनुदान म्हणतात, म्हणजे पुढच्या हंगामाच्या बियाण्या-खतासाठी हातभार, एका हंगामात एकदाच. त्यामुळे जुलैत एकदा आणि सप्टेंबरात पुन्हा त्याच वावरात पाणी शिरलं तरी त्या क्षेत्राला त्या हंगामात दोनदा हे अनुदान बसत नाही. नुकसानीच्या मानाने ही रक्कम तोकडी आहे, हे उघड आहे. एका एकर पऱ्हाटीला वेचणीपर्यंत जो खर्च येतो त्याच्या जवळपासही ती जात नाही. म्हणूनच जी थोडी आहे ती पूर्ण पदरात पडली पाहिजे.

केंद्राचे दर २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरलेले होते. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, आश्वासित सिंचनाखालच्या पिकाला १७,०००, बहुवार्षिक म्हणजे संत्रा-मोसंबीसारख्या बागेला २२,५००. क्षेत्र अगदी थोडं असेल तर किमान अनुक्रमे १,०००, २,००० आणि २,५००. केंद्राच्या निकषात मर्यादा २ हेक्टरची. गावात अजूनही कुणी १३,६०० चा आकडा सांगतो, तोही चुकीचा नाही. त्याआधीचा जुना दर ६,८०० होता, राज्याने २०२२ च्या पावसाळ्यात त्याची दुप्पट करून ३ हेक्टरपर्यंत मदत दिली आणि १ जानेवारी २०२४ च्या शासन निर्णयाने तेच वाढीव दर पुन्हा लागू केले. ३० मे २०२५ च्या निर्णयाने गाडी परत ८,५०० आणि २ हेक्टरवर आली. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये मोठं पॅकेज जाहीर झालं: मर्यादा पुन्हा ३ हेक्टर, आणि रब्बीच्या बियाण्यासाठी व इतर खर्चासाठी हेक्टरी १०,००० वेगळे. आपत्ती कोणत्या तारखेची, त्यावर दर ठरतो. पैसे खात्यात कधी आले, त्यावर नाही. एप्रिल २०२६ नंतरच्या आपत्तीसाठी त्या वेळचा शासन निर्णय बघा.

शेजाऱ्याला तीन वेळा पैसे का आले, तेही यातून उलगडतं. जमीन मोठी असेल तर पहिल्यांदा २ हेक्टरचे, मर्यादा वाढल्यावर तिसऱ्या हेक्टरचे, आणि नंतर रब्बीचे १०,००० च्या दराने, असे तीन हप्ते पडतात.

तुमचा हिशेब मांडू. एक हेक्टर म्हणजे १०० आर, जवळपास अडीच एकर. सहा एकर पीक म्हणजे साधारण २ हेक्टर ४० आर. जिरायतीच्या दराने २.४० गुणिले ८,५०० म्हणजे २०,४०० रुपये. रब्बीचे २.४० गुणिले १०,००० म्हणजे २४,०००. हे पूर्ण खात्याचे आहेत, वाटणी झाली तर काकांच्या हिश्शाचे त्यातून जातील. मर्यादा खातेदारामागे असते, गटामागे नाही. दोन गावांत जमीन असेल तरी दोन्हीची बेरीज करून ३ हेक्टरच धरतात.

खरडून गेलेल्या एकराचं प्रकरण वेगळं आहे आणि तिथेच लोक फसतात. पंचनाम्यात त्या वावराची नोंद ‘सोयाबीन, नुकसान १०० टक्के’ एवढीच झाली असेल तर तुम्हाला फक्त पिकाचा दर मिळेल. जमिनीच्या नुकसानीचा रकाना वेगळा असतो. नाल्याने पात्र बदलून किंवा पुराने जमीनच वाहून नेली असेल तर हेक्टरी ४७,००० रुपये, किमान ५,०००. वावर जागेवर आहे पण वर रेती-गाळ बसला असेल तर गाळ काढायला हेक्टरी १८,०००, किमान २,२००, पण गाळाचा थर तीन इंचांपेक्षा जास्त असल्याची नोंद हवी. तीन इंच म्हणजे आपली चार बोटं रुंद धरा. पट्टी उभी रोवून फोटो काढा, एका जागी नाही, पाच-सहा जागी. या दोन्ही मदती केंद्राच्या निकषात अल्प व अत्यल्पभूधारकांसाठी आहेत, म्हणजे २ हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांसाठी. तुमचं सामायिक खातं २.८० हेक्टरचं दिसतं, म्हणून आठ-अ (खात्यावरच्या एकूण जमिनीचा उतारा) बघून बाबू ‘तुम्ही बसत नाही’ म्हणू शकतो. वारस नोंद होऊन हिस्से स्पष्ट झाले की तुमच्या वाट्याला १.४० हेक्टर येतं आणि तुम्ही निकषात येता. वारस नोंदीची घाई करायला सांगतो आहे त्याचं हेही एक कारण.

ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजमध्ये खरडलेल्या जमिनीसाठी मनरेगातून हेक्टरी ३ लाखांपर्यंत आणि पडलेल्या-गाळाने भरलेल्या विहिरीला ३०,००० रुपयेही होते. मनरेगाचे ३ लाख रोख नसतात, काम मंजूर करून घ्यावं लागतं. ग्रामपंचायतीच्या ठरावात आणि कामांच्या आराखड्यात तुमचा गट नंबर आहे का, ते आजच विचारा.

आता ओलित-कोरडवाहूचं. विहिरीवर तुषार संच चालवणाऱ्या शेतकऱ्यालाही विदर्भात बहुतेक वेळा जिरायतीचाच दर मिळतो. कारण ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद, करताना घाईत सिंचनाचा रकाना ‘अजलसिंचित’ ठेवलेला असतो. ८,५०० आणि १७,००० यांतला फरक त्या एका निवडीवर उभा आहे. सिंचनाचं साधन, पद्धत आणि विहिरीची सातबाऱ्यावरची नोंद, तिन्ही एकमेकांशी जुळली पाहिजेत. वरुड-मोर्शीकडच्या संत्रा बागांतही असंच होतं: बागेत आंतरपीक म्हणून सोयाबीन किंवा हरभरा दाखवला आणि झाडं दाखवायची राहिली की बाग बहुवार्षिकच्या दरातून बाहेर. झाडांची संख्या आणि क्षेत्र दोन्ही भरा. सोयाबीनमध्ये तूर असेल तर मिश्र पीक म्हणून दोघांचं क्षेत्र वेगवेगळं टाका, नाहीतर तूर उभी आहे असं सांगून सोयाबीनची टक्केवारी कमी लावतात.

ई-पीक पाहणीची मुदत चुकवू नका. मोबाइलला रेंज नसली तरी अ‍ॅपमध्ये माहिती साठते, गावात आल्यावर अपलोड करता येते. फोटो मात्र गटात उभं राहूनच घ्यावा लागतो. मुदत गेलीच तर तलाठी पातळीवर सहायकामार्फत पाहणी करून घेता येते, त्यासाठी लेखी मागणी द्या. सातबाऱ्यावर ‘पड’ असेल आणि पंचनाम्यात कापूस, तर यादी तपासताना अशी नोंद पहिल्यांदा गळते.

पंचनाम्याच्या दिवशी वावरात स्वतः हजर राहा. मंदिरात किंवा ग्रामपंचायतीत बसून नावं लिहिली जात असतील तर नम्रपणे सांगा की माझ्या धुऱ्यापर्यंत चला. टक्केवारी नजरेने ठरते, म्हणून नजरेला काय दाखवायचं ते तुमच्या हाती आहे. साचलेल्या पाण्यातलं सोयाबीन दुरून हिरवंगार दिसतं. दोन-चार झाडं उपटून काळ्या पडलेल्या मुळ्या दाखवा, शेंगा फोडून आतला कोंब फुटलेला दाणा दाखवा. पऱ्हाटीत खालच्या फांद्यांवरची सडलेली बोंडं मोजून दाखवा, दहा झाडांवर किती बोंडं आणि त्यांतली किती गेली. भंडारा-गोंदियाकडे धान कापून कडपा बांधीत पडलेल्या असतात आणि अवकाळी पाऊस येतो. तिथे उभं पीक नाही म्हणून नोंद टाळली जाण्याचा धोका असतो, म्हणून पाण्यात तरंगणाऱ्या कडपांचे त्याच दिवशी तारखेसह फोटो आणि लेखी कळवणं अत्यावश्यक. सोयाबीनच्या भिजलेल्या गंजीचंही तेच. लिहून झाल्यावर कागद वाचा: गट नंबर, पिकाचं नाव, लागवड क्षेत्र, बाधित क्षेत्र, टक्केवारी, नुकसानीचं कारण. सही करण्याआधी मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा. ‘३० टक्के’ लिहिलं असेल तर तुम्ही शून्यावर आहात, कारण उंबरठा ३३ चा आहे. तिथेच हरकत नोंदवा.

नुकसानीचं कारण हा शब्दही पैशाचा आहे. अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस. हा पाऊस मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर मोजला जातो, तुमच्या वावरात नाही. मंडळाच्या एका टोकाला ढग फुटतो आणि यंत्र असलेल्या गावात ४० मिलिमीटर भरतो, असं घडतं. अशा वेळी तुमचं नुकसान नाल्याच्या किंवा नदीच्या पुराने झालं असेल तर कारण ‘पूर’ लिहिलं गेलं पाहिजे. वैनगंगा, वर्धा, पैनगंगेच्या काठी वरच्या धरणातून पाणी सोडल्यावर गावात पाऊस नसतानाही वावरं बुडतात, तिथे तर हे फार महत्त्वाचं. झडीसारखा रोज थोडा थोडा लागून राहिलेला पाऊस असेल तर २०२३ पासून ‘सततचा पाऊस’ ही वेगळी आपत्ती मानली आहे: सलग पाच दिवस रोज किमान १० मिलिमीटर आणि त्या काळातल्या सरासरीच्या कितीतरी वर, शिवाय उपग्रहावरून पिकाच्या हिरवेपणाची तपासणी. गारपीट, अवेळी पाऊस, वीज, कीडरोग हे सगळे प्रकार यादीत आहेत. २०१७ च्या गुलाबी बोंडअळीची मदत कीड या आपत्तीखालीच दिली गेली होती. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांचं नुकसान मात्र या यादीत नाही. ते वनविभागाकडे, तीन दिवसांच्या आत वनरक्षक किंवा वनपालाकडे कळवायचं.

जनावर दगावलं तर पुरायची घाई करू नका. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा शवविच्छेदन अहवाल आणि तलाठ्याचा पंचनामा, दोन्ही लागतात. कानातल्या बारा आकडी बिल्ल्याचा फोटो घ्या. दुधाळ गाय-म्हशीला ३७,५०० रुपये, बैलाला ३२,०००, वासराला २०,०००, शेळी-मेंढीला ४,०००, कोंबडीला १००. केंद्राच्या निकषात मोठी दुधाळ तीन किंवा लहान दुधाळ तीस, किंवा ओढकामाची मोठी तीन, अशी मर्यादा. पुरात वाहून गेलेल्या जनावराचं शव सापडत नाही, तेव्हा त्याच दिवशी पोलिसांत आणि ग्रामपंचायतीत लेखी नोंद हवी. गोठा पडला तर ३,०००. वीज पडून किंवा पुरात माणूस गेला तर वारसांना ४ लाख, त्यासाठीही शवविच्छेदन आणि पोलीस पंचनामा लागतोच. दुःखात असलेल्या घराला हे सुचत नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी लक्ष घालावं.

तुमचा व्ही. के. नंबर आला की पुढचं काम सेवा केंद्रात. ज्यांची अ‍ॅग्रिस्टॅकमध्ये नोंदणी आहे त्यांना ऑक्टोबर २०२५ मध्ये ई-केवायसीतून सूट दिली गेली, बाकीच्यांना अंगठा द्यावा लागतो. अंगठा देण्याआधी पडद्यावरचं नाव, गट, क्षेत्र, रक्कम वाचून घ्या. चूक असेल तर मान्य करू नका, तक्रार नोंदवा आणि त्याची पावती घेऊन तहसीलला जा. ‘होऊन जाऊ द्या, नंतर बघू’ म्हणत ०.८० च्या जागी ०.०८ हेक्टर मान्य केलं की दुरुस्ती फार जड जाते. म्हाताऱ्या माणसांच्या बोटांचे ठसे उमटत नसतील तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्या, डोळ्याची बुबुळं वापरता येतात.

आणि मग बँक. ‘आधार खात्याला लिंक आहे’ आणि ‘खात्याला आधारवरचे शासकीय पैसे येतात’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच आधारवर चार खाती असू शकतात, पण शासकीय पैसे त्यातल्या एकाच खात्यात पडतात: एनपीसीआयच्या (बँकांमधले डिजिटल व्यवहार जुळवणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत शेवटी जे जोडलं त्या. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी कितीतरी घरांत टपाल खात्याच्या पेमेंट बँकेत नवीन खाती उघडली गेली, तेव्हा आधार तिकडे गेलं. त्यामुळे शेत घरातल्या बाईच्या नावावर असेल तर पैसे त्या टपालच्या खात्यात पडलेले असू शकतात आणि घरचे जिल्हा बँकेच्या पासबुकावर शोधत बसतात. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती दिसते, सेवा केंद्रात दोन मिनिटांत बघून घ्या. विदर्भ कोकण ग्रामीण बँकेचं १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीनीकरण झालं, तिथल्या खातेदारांनी आपली जोडणी शाबूत आहे का ते शाखेत एकदा विचारावं. दोन वर्षं व्यवहार न झालेलं खातं निष्क्रिय होतं. जनधनच्या ‘छोट्या’ खात्यात, पूर्ण केवायसी नसेल तर, वर्षाला १ लाखापेक्षा जास्त जमा होत नाही.

पैसे आले आणि बँकेने पीककर्जात वळते केले तर ते चूक आहे. मदतीच्या शासन निर्णयांत ही रक्कम कर्जवसुलीत वळती करू नये अशी अट असते. शाखा व्यवस्थापकाला त्या निर्णयाची प्रत लावून लेखी अर्ज द्या, प्रत तहसीलदार आणि जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापकांना. तोंडी भांडून उपयोग होत नाही, लेखी अर्जावर रक्कम परत करायला लावता येते.

पीकविमा यात मिसळू नका. विमा आणि मदत या दोन वेगळ्या पिशव्या आहेत, एक मिळाली म्हणून दुसरी बंद होत नाही. २०२५ च्या खरिपात राज्यात विमा कापणी प्रयोगावर आधारित ठेवला होता, त्यामुळे त्या हंगामात ७२ तासांच्या वैयक्तिक तक्रारीवर भरपाई नव्हती. पैसेवारीचीही, म्हणजे गावाच्या पीक-उताऱ्याच्या सरकारी अंदाजाचीही, अशीच गल्लत होते. गावाची पैसेवारी ५० पैशांच्या आत आली की जमीन महसुलात सूट, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, परीक्षा शुल्कमाफी अशा गोष्टी मिळतात. अतिवृष्टीच्या मदतीला पैसेवारीची अट नाही. ‘पैसेवारी जास्त आली म्हणून मदत नाही’ असं कुणी सांगितलं तर ते लेखी मागा.

मक्त्याने किंवा बटईने वावर करणाऱ्यांचं दुखणं यात सगळ्यात मोठं आहे. खर्च त्यांचा, घाम त्यांचा, आणि मदत सातबाऱ्यावरच्या नावाला. तलाठ्याच्या हातात यात काही नसतं. पेरणीच्या वेळीच मालकाशी ठरवून ‘शासकीय मदत आल्यास ती कसणाऱ्याला द्यावी’ हे कागदावर घ्या. नोंदणीकृत भाडेकरार झाला तर पीकविमाही कसणाऱ्याच्या नावाने भरता येतो. मालक करार करायला बिचकतो, तेव्हा अकरा महिन्यांचा लेखी करार सुचवा.

महिना उलटूनही तहसीलने कारण लिहून दिलं नाही तर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज द्या. तीनच गोष्टी मागा: माझ्या गटाच्या पंचनाम्याची प्रत, पोर्टलवर भरलेल्या गावाच्या यादीची प्रत, आणि न भरलेल्या नोंदींची कारणांसह यादी. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, पण असा अर्ज आल्यावर नोंद सहसा आधीच शोधली जाते. लाभार्थ्यांची यादी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करायची असते, तीही बघा. त्यावर एखादं भलतंच नाव दिसलं तर गट नंबरासकट उपविभागीय अधिकाऱ्यांकडे तक्रार द्या. जिल्हा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, पण तिथे अर्ज आधी देऊन ठेवावा लागतो आणि त्याआधी तालुक्याला दाद मागितल्याचा पुरावा लागतो. तो पुरावा म्हणजे पहिल्या अर्जाची शिक्का मारलेली पोच.

तहसीलला जाताना एका पिशवीत एवढं घ्या: चालू सातबारा आणि आठ-अ, ई-पीक पाहणीची नोंद, पंचनाम्याचा फोटो छापून, वडिलांचा मृत्यूचा दाखला, वारस अर्जाची पोच, काकांचं आणि बहिणींचं संमतिपत्र, सगळ्यांचे आधार, ज्या खात्यात आधार जोडलेलं आहे त्याच खात्याचं पासबुक, खरडलेल्या वावराचे फोटो. काकांना सोबत नेता आलं तर उत्तम. सामायिक खात्याचे दोन्ही वाटेकरी एकत्र उभे राहिले की निम्म्या शंका तिथल्या तिथे मिटतात.